हिरडीचं अस्तर

त्याच्या तोंडात दिवसभर चुका असायच्या. चुका म्हणजे ते बारके, चपट्या डोक्याचे, निळसर काळे खिळे, खुर्चीचं कापड लाकडाला ठोकायला लागतात ते. सकाळी दुकान उघडलं की तो डब्यातून मूठभर चुका उचलायचा, गालात टाकायचा आणि कामाला लागायचा. आत जीभ एकेक चूक फिरवून तिचं डोकं ओठांकडे आणायची, खालच्या दातांवर टेकवायची. लोहचुंबकाची हातोडी तोंडाशी येऊन ती अलगद उचलायची, आणि ठक्. डावा हात कापड ताणून धरायला मोकळा. बापाने शिकवलं तसं तो एकतीस वर्षं करत आला होता. पिना मारायचं यंत्र त्याच्याकडेही होतं, पण जुन्या लाकडाची कड पिनेने फुटते, आणि त्याच्याकडे यायच्या त्या बहुतेक जुन्याच खुर्च्या.

तोंड भरलेलं, त्यामुळे बोलणं बंद. गिऱ्हाइकाने काही विचारलं की मान हलवायची, फार झालं तर 'हं' म्हणायचं. गल्लीने त्याचं नाव मौनी पाडलं. समोरचा घड्याळवाला म्हणायचा, "ह्याच्या तोंडात सदा चुका, पण बोलण्यात एक सापडायची नाही!" मौनी हसायचा, तेही ओठ मिटून.

गप्प माणसाला लोक धीराचा समजतात. मौनी तसा नव्हता. शिडीवर दोन पायऱ्यांच्या वर तो चढत नसे. डॉक्टरचं दार तर त्याने आठ वर्षांत ओलांडलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. ते पुढे येईल.

दोन गल्ल्या पलीकडे एक दातांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं ते रुग्णांची खुर्ची मढवायला. बाई चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. खुर्ची जमिनीला बोल्टांनी आवळलेली, दुकानात नेण्यासारखी नव्हती, म्हणून सुटीच्या दिवशी दवाखान्यातच काम करायचं ठरलं.

मौनीने जुनं रेक्झिन उतरवायला घेतलं. पाठ ठीक होती. मान टेकायची जागा थोडी चिरलेली. पण हात ठेवायच्या दोन्ही दांड्यांची टोकं पाहून तो थांबला. वरून रेक्झिन गुळगुळीत, आणि खालच्या बाजूने उकरलेलं. बोटांची नखं रुतून रुतून आतला फोम भुशासारखा बाहेर आला होता. माणूस खुर्चीत कसा बसतो हे खुर्ची उघडली की त्याला कळायचं. कुणी एका कुशीवर कलतो, कुणी पाय हलवतो, कुणी नुसताच पसरतो. ह्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण जीव मुठीत धरून बसला होता. मौनीने तो फोम कापून पिशवीत टाकला आणि भराभर नवं रेक्झिन ओढलं.

दुपारी बाई कागद न्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्याच्या ओठांतून एकेक चूक बाहेर येत होती ते त्या बघत होत्या.

"काका, किती वर्षं करताय हे असं?"

मौनीने तीन बोटं दाखवली, मग एक.

"एकतीस? त्या जरा काढून ठेवा बरं. आणि 'आ' करा."

त्याने मान जोरात हलवली. नको.

"हत्यार नाही माझ्या हातात. हे बघा." बाईंनी दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. "नुसतं बघते."

चुका तळहातावर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्याने खालचा ओठ खाली ओढला, जेमतेम. बाई वाकल्या आणि खिडकीकडे त्याचं तोंड वळवून बघू लागल्या. तेवढ्यात मौनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"डावीकडचा सुळा आणि त्याच्या पुढचा-मागचा एकेक," त्या म्हणाल्या. "हिरडी खाली उतरली आहे. मुळं उघडी पडलीत. गार पाण्याची कळ येते?"

कळ यायची. दोन वर्षं येत होती. तो उजवीकडून पाणी प्यायचा आणि त्याला वाटायचं, वय झालं.

"उरलेली हिरडी कागदासारखी पातळ आहे. असंच चाललं तर ती आणखी उतरेल. चुका आजपासून तोंडात नाहीत. आणि ह्या तिघांवर हिरडी परत आणायला लागेल. छोटीशी शस्त्रक्रिया."

'शस्त्रक्रिया' ऐकल्यावर पुढचं काही मौनीच्या कानात शिरलं नाही. बाईंनी पाठीमागे तारीख लिहून एक कार्ड दिलं, ते त्याने खिशात टाकलं. उरलेलं काम यंत्राने पिना मारून उरकलं आणि हत्यारांची पेटी उचलून तो असा निघाला की एक कात्री तिथेच राहिली.

आता ते आठ वर्षांपूर्वीचं. त्याच्या दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, दोन दातांवरची हिरडी अशीच उतरली होती. तेव्हाच्या सर्जनने दादाच्या टाळूतून मांसाचा तुकडा कापून तिथे लावला होता. जुनी रीत ती. आजही करतात आणि चांगली टिकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मौनी दादाला भेटायला गेला, तर दादा टेबलापाशी बसला होता, बोलता बोलता थांबला, आणि त्याच्या तोंडातून रक्त आलं. थेंब थेंब नाही, धार. टाळूची जखम उघडली होती. वहिनी बाहेर गेलेली. मौनीने हाताला लागेल तो वाडगा दादाच्या तोंडाखाली धरला, आणि तो वाडगा भरत गेला. गाडी मिळेपर्यंत, दवाखान्यात पोचेपर्यंत, तिथल्या नर्सने बोळा दाबून धरेपर्यंत वाडगा त्याच्या हातात होता. दादा दोन दिवसांत बरा झाला. मौनीला मात्र तेव्हापासून लाल रंगाचं ओलं कापड हातात घेववत नसे.

कार्ड खिशात राहिलं. घरी त्याने चकार शब्द काढला नाही. चुका तोंडात घ्यायच्या त्याने थांबवल्या, एवढं ऐकलं. तेही शहाणपणाने नव्हे, भीतीने. चुका आता एका बशीत. दरवेळी वाकायचं, बशीत चाचपायचं, बोटांनी धरायचं, तोवर ताणलेलं कापड सुटायचं. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागू लागले. आणखी एक पंचाईत झाली. तोंड रिकामं झाल्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायला लागे, आणि काय बोलावं हे त्याला सुचत नसे. एका बाईंनी विचारलं, "कसं काय, बरं आहे ना?" तर तो घाबरून म्हणाला, "कोण म्हणालं?"

जिभेला आता दुसरं काम नव्हतं. ती सारखी त्या तीन दातांवर जायची. काल इथपर्यंत होती हिरडी, आज आणखी खाली गेली का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. पावाचा कडक कोपरा त्याने सोडला. मग फळं सोडली. मग घोट घोट कोमट पाणी, तेही मान तिरकी करून.

त्याची बायको पोस्टात पत्रांची छाननी करायची. कागद दिसला की वाचायचा, ही तिची सवय. त्याशिवाय तिला चैन पडत नसे. धुवायला टाकलेल्या सदऱ्यात तिला कार्ड सापडलं. तिने ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय आहे?"

"खुर्ची मढवली ना त्यांची."

"खुर्चीला तारीख देतात होय? वेळ लिहिलीय, सकाळी दहा. तुमचं नाव लिहिलंय. आणि तीन आठवडे झाले, तुम्ही चिमणीसारखं पाणी पिताय. मला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला?"

मौनीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मला तो वाडगा दिसतो," तो म्हणाला. "दादाचा."

त्या वाडग्याची गोष्ट तिला ठाऊक होती. तो तिनेच घासून, मग न राहवून, फेकून दिला होता. ती इतकंच म्हणाली, "उद्या आपण दोघं जाऊ. कापायला नाही. ऐकायला."

दवाखान्यात बाईंनी दोघांना खुर्चीवर नव्हे, टेबलापलीकडे बसवलं. त्याची विसरलेली कात्री त्यांनी आधी परत केली.

"दोन वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "एक, टाळूतून तुमचं स्वतःचं मांस घ्यायचं आणि इथे लावायचं. ते सर्वांत भरवशाचं. पण तोंडात दोन जखमा होतात."

"टाळू नको," मौनी म्हणाला. एवढ्या लवकर तो कधी काही बोलला नव्हता.

"मग दुसरी. कोलॅजनची पट्टी." त्यांनी खणातून एक बंद पाकीट काढलं आणि त्यातून दिसणारा पांढरा चौकोन दाखवला. लोकरीच्या जाड नमद्यासारखा, हाताच्या अंगठ्याएवढा. "हिरडीला वरवर चीर देऊन ती सैल करायची, खाली ही पट्टी ठेवायची आणि हिरडी वर ओढून शिवायची. पट्टीत बारीक बारीक पोकळ्या असतात. तुमच्या रक्तातल्या पेशी तिथे शिरतात, आपलं घर बांधतात, आणि काही महिन्यांत पट्टी विरून जाते. उरतं ते तुमचंच मांस. टाळूला हातही लावायचा नाही."

"म्हणजे अस्तर," मौनी म्हणाला.

"अस्तरच म्हणा."

"कशाचं असतं?"

"जनावराच्या कातडीचं. डुकराच्या. धुऊन, गाळून, कोलॅजन, म्हणजे तिचे तंतू, तेवढं ठेवलेलं. कुणाकुणाला ते चालत नाही. नको असेल तर आत्ताच सांगा, मला काही वाटणार नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, तो उठणार. पण त्याला कातड्याची घृणा नव्हती. त्याचं अर्धं आयुष्य चामड्यात गेलं होतं. त्याची भीती वेगळीच होती, आणि ती त्याच्या धंद्यातून आली होती.

"कातडं आकसतं," तो म्हणाला. "ओलं ताणून बसवलं की वाळताना आकसतं आणि टाका फाडतं. दमट जागी त्याला बुरशी येते. तोंड तर सदा दमट. कुजलं तर?"

बाई पहिल्यांदा हसल्या. "हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. हे कमावलेलं चामडं नाही, काका. टिकायला केलेलंच नाही, विरायला केलंय. पण आकसण्याचं म्हणता ते खोटं नाही. कधी कधी हिरडी पूर्ण वर राहत नाही, थोडी खाली येते. टाळूच्या मांसाइतकी जाडी येईलच, असंही मी सांगणार नाही. तिन्ही दात झाकले जातील, अशी हमी मी देत नाही. प्रयत्न चांगला होईल, ही देते."

हमी नाही. घरी येईपर्यंत तेवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. बायको म्हणाली, "खोटी हमी देणारीपेक्षा बरी." तारीख पुढच्या आठवड्याची ठरली.

त्या तारखेला बायकोला सुटी मिळाली नाही. मौनी एकटा गेला. बाहेरच्या बाकावर बसला. आतून दात कोरायच्या यंत्राचा बारीक, चिरका आवाज आला, मग एका माणसाचं कण्हणं. सिस्टर दार उघडून म्हणाली, "या काका, तुमचा नंबर." मौनी उठला, आणि त्याचे पाय उलट दिशेला चालू लागले. आपण पळतोय हे त्याला रस्त्यावर आल्यावर कळलं. दुकानाचं दार त्याने आतून लावून घेतलं आणि एका उघड्या सोफ्याच्या सांगाड्यामागे, स्प्रिंगांच्या आड, जमिनीवर बसून राहिला. बावन्न वर्षांचा माणूस. दात एकमेकांवर आपटत होते, आणि ते आपटणंसुद्धा त्या तिघांना सोसवत नव्हतं.

दवाखान्यातून फोन आला. त्याने घेतला नाही. लाज वाटली, पण लाजेपेक्षा सुटल्याचं समाधान मोठं होतं. ते चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी एका जुन्या आरामखुर्चीचं काम होतं. फिकट दुधी रंगाचं कापड, गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येणार. बशीत चाचपून चाचपून तो वैतागला होता. हाताने कधी मूठ भरली आणि तोंडात टाकली, त्याचं त्यालाही कळलं नाही. एकतीस वर्षांची सवय ती. चार चुका ठोकून झाल्या, आणि पाचवीला जीभ जरा चुकली. टोक सुळ्याच्या पुढच्या दाताखालच्या त्या पातळ हिरडीत शिरलं. मौनी ओरडला, तोंडातलं सगळं बाहेर पडलं, आणि दुधी कापडावर चुका विखुरल्या. त्यांच्याबरोबर रक्ताचे थेंब. पाच, सहा, सात.

तो त्या थेंबांकडे बघत उभा राहिला. भीती होतीच, पण आता तिची तोंडं दोन झाली होती. एक दवाखान्यातल्या खुर्चीकडे बघत होतं, दुसरं त्याच्याच तोंडात. पळायचं कुणापासून?

कापड उतरवून त्याने नवीन लावलं, खुर्ची वेळेवर दिली, आणि दुकान बंद करून तो तडक दादाकडे गेला. आठ वर्षांत त्या सकाळविषयी दोघं भाऊ एकदाही बोलले नव्हते.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग खालचा ओठ ओढून दाखवला. "बघ. हे दोन. आठ वर्षं झाली, जागचे हलले नाहीत."

"आणि ते रक्त?"

दादाने आवाज खाली आणला. "तुला एक सांगतो, वहिनीला सांगू नकोस. डॉक्टरने बजावलं होतं, दहा दिवस मऊच खायचं. मी त्या दिवशी सकाळी कडक टोस्ट खाल्ला. दोन खाल्ले. टाळूच्या जखमेवरची पट्टी त्याने निघाली."

"टोस्ट?"

"भूक लागली होती रे!"

मौनीला हसावं की दादाच्या थोबाडीत मारावी ते कळेना. आठ वर्षं तो ज्या गोष्टीला दैवी कोप समजत आला, ती दोन टोस्टची करामत होती.

"आणि खरं सांगू?" दादा म्हणाला. "रक्ताने मी नव्हतो घाबरलो तेवढा. तू वाडगा धरून उभा होतास ना, तुझं तोंड बघून घाबरलो. मला वाटलं, हा असा दिसतोय, म्हणजे मी मेलोच."

दुसऱ्या दिवशी बायकोनेच दवाखान्यात फोन केला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चुकीने टोचलेली जागा आधी भरू दे. दोन आठवड्यांनी सकाळची पहिली वेळ देते. पहिल्या माणसाला आतले आवाज ऐकावे लागत नाहीत."

त्या सकाळी बायको बरोबर होती. दारापर्यंत तिने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, पोस्टातल्या नोंदणीच्या पाकिटासारखं. मौनी खुर्चीत बसला. त्याचंच रेक्झिन, त्याचीच शिवण. बोटं आपोआप दांड्यांखाली गेली आणि रुतली.

सुई टोचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग ओठ जड झाला, हनुवटी कुठे आहे ते कळेना. सिस्टरने चेहऱ्यावर हिरवं कापड टाकलं, तोंडापुरतं भोक असलेलं. आता फक्त आवाज. धातूचा बारीक खरखराट, नळीचं पाणी ओढणं, बाईंचा श्वास. दुखत काहीच नव्हतं आणि तेच भयंकर होतं. आत काय चाललंय ते अंदाजानेच कळायचं, आणि मौनीचा अंदाज सगळ्यांत वाईट गोष्टीकडेच धावायचा. हे जे गरम गरम वाटतंय ते रक्त. किती असेल? वाडगाभर?

"काका, पट्टी ठेवतेय," बाई म्हणाल्या. "तुमचं रक्त पितेय ती. मऊ झाली बघा लगेच. छान बसतेय."

मग टाके सुरू झाले. दोऱ्याचं ओढणं त्याला गालात जाणवायचं. त्याने मोजायला सुरुवात केली, कारण हे काम त्याला कळत होतं. एक. ओढ, गाठ, काप. दोन. ओढ, गाठ, काप. तीन, चार. पाचव्याला ओढ आली, आणि गाठ आली नाही.

बाईंचा श्वास थांबला होता. सिस्टरची नळीही थांबली.

ती शांतता मौनीच्या ओळखीची होती. ताणलेलं कापड हातात फाटलं की कारागीर असाच गप्प होतो. मौनीला ओरडावंसं वाटलं, पण तोंड त्याच्या ताब्यात नव्हतं. पायाची बोटं बुटात आवळली गेली. पळावं तर कापडाखाली, हिरडी उघडी, पाचवा टाका अर्धवट.

"काका," बाईंचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "खरं सांगते. सर्वांत पुढच्या दाताशी हिरडी थोडी फाटली. चूक टोचली होती ना, तिथेच. पातळ आहे. मी आणखी खालून धरून शिवतेय. वेळ लागेल. ऐकू येत असेल तर हात वर करा."

त्याने हात वर केला. सिस्टरने तो हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. पुढचे टाके त्याने मोजले नाहीत.

घरी पंधरा दिवस दात घासायचे नाहीत, औषधाच्या पाण्याने हळूच चुळा भरायच्या, मऊ आणि गार खायचं, ओठ ओढून बघायचा नाही. बायकोने घरातला कडक टोस्टचा डबा शेजारणीकडे नेऊन दिला. पहिल्या दोन दिवसांत रक्त जवळजवळ आलंच नाही. टाळू शाबूत होती, जीभ पुन्हा पुन्हा तिथे जाऊन खात्री करून यायची. मौनीला थोडा धीर आला.

सहाव्या दिवशी तो धीर गेला. 'बघू नका' सांगितलं होतं, तरी त्याने बघितलं. टाक्यांच्या कडेला पांढरट, ओलसर थर जमला होता. मौनीने असा थर हजारदा पाहिला होता, पावसाने भिजलेल्या चामड्याच्या खुर्च्यांवर. बुरशी. कुजलं. आपण म्हणालोच होतो. त्याची पाचावर धारण बसली. बायको कामावर गेलेली. दवाखाना उघडायच्या आधीच तो तिथे पोचला, रुमाल तोंडावर धरून. बाई आल्या तेव्हा दातखीळ बसल्यासारखा तो नुसता बोट दाखवत राहिला.

बाईंनी बघितलं. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"हे कुजणं नाही. जखम भरताना असा पांढरा थर येतो, सगळ्यांनाच येतो. वास आहे का? नाही. सूज वाढली? नाही. ताप? नाही. तुमच्या चामड्याला आतून रक्त मिळत नाही, म्हणून ते कुजतं. इथे खालून रक्त येतंय. फरक आहे ना?"

मौनीने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

टाके निघाले. तीन महिने गेले. बाईंनी बारीक मोजपट्टीने मोजलं आणि आरसा त्याच्या हातात दिला. सुळा झाकला होता. त्याच्या मागचाही झाकला होता; हिरडी गुलाबी, जाडसर, जणू तिथेच उगवलेली. पुढच्या दाताशी, जिथे फाटलं होतं तिथे, ती अर्ध्यावरच थांबली होती. मुळाची पिवळसर रेघ अजून दिसत होती.

"इथे माझी शिवण कमी पडली," बाई म्हणाल्या. "पुढे हवं असेल तर ह्या एकट्यासाठी टाळूतून—"

"राहू दे," मौनी म्हणाला. मग आपण फारच जोरात म्हणालो असं वाटून हळू म्हणाला, "दोन आले. पुष्कळ आहे."

चुका त्याने परत तोंडात घेतल्या नाहीत. बायकोने जुन्या चामड्याचा एक पट्टा कापून दिला, त्यात त्याने चपटं लोहचुंबक शिवलं आणि तो डाव्या मनगटावर बांधू लागला. चुका त्याला चिकटून राहतात. हात पुरता पूर्वीसारखा चालत नाही, पण कापड सुटत नाही. आणि रिकाम्या तोंडाने तो हळूहळू बोलायलाही लागला. घड्याळवाल्याचं म्हणणं असं की आता आवरणं कठीण आहे.

भीती मात्र गेली नाही, हे सांगायला हवं. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्याआधीचे दोन दिवस त्याचं जेवणावर लक्ष नसतं, आरशासमोर तीन तीनदा उभा राहतो, बायको बोलली की खेकसतो आणि मग माफी मागतो. बाईंनी वहीत त्याच्या नावापुढे पहिली वेळ कायमची लिहून ठेवली आहे. त्या सकाळी सिस्टर किल्ल्या घेऊन येते तेव्हा तो पायरीवर उभा असतो, हात मागे बांधून, चेहरा पांढराफटक. ती म्हणते, "आलात काका?" तो म्हणतो, "आलो बाई. उघडा लवकर."